वॉरंटी संपल्यावर इंजिन बसले तर? गाडी खोलायच्या आधी एवढे करा

चंद्रपूर-गडचिरोलीत चारचाकी ही आता हौसेची चीज राहिलेली नाही. सिरोंचा, अहेरी, एटापल्लीकडून पेशंटला चंद्रपूर किंवा नागपूरला न्यायचे असते, मुलांना परीक्षेला पोहोचवायचे असते, आठवडी बाजाराला माल घेऊन जायचे असते. म्हणून अनेक घरांनी काटकसर करून, कर्ज काढून गाडी घेतली. काहींचे तर पोटच गाडीवर आहे. अशा घरात वॉरंटी संपून चार-सहा महिने होत नाहीत तोच इंजिन बसले, तर सगळ्या घराचा हिशोब कोलमडतो.

शोरूममध्ये दोनच वाक्ये ऐकायला मिळतात : "वॉरंटी संपली आहे. इंजिनचे मोठे काम निघाले आहे." सोबत लाखाच्या घरातले एस्टिमेट हातात पडते. मग कोणी काउंटरवर भांडतो, कोणी गाडी टोचन करून ओळखीच्या मिस्त्रीकडे नेतो आणि त्याच दिवशी इंजिन खोलून टाकतो. दोन्हीत नुकसान आपलेच होते.

वॉरंटी संपली म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. पण उरलेला प्रत्येक दरवाजा पुराव्यावर उघडतो, आणि तो पुरावा इंजिनच्या आत असतो. बिघाडाचे कारण कागदावर येण्याआधी इंजिन खोलले, जुने पार्ट भंगारात गेले, की पुढे कितीही खरे बोलले तरी सिद्ध करता येत नाही. म्हणून काय, कोणत्या क्रमाने करायचे ते आम्ही इथे मांडत आहोत.

इंजिन का बसते?

कारण कळले तर पैसे कोणाकडे मागायचे हे कळते. आपल्या भागात मुख्यतः पाच कारणे दिसतात.

पहिले, उष्णता. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला माहीत आहे. कूलंट कमी असेल, त्याऐवजी साधे पाणी भरत राहिले असतील, रेडिएटर धुळीने बुजला असेल किंवा पंखा-थर्मोस्टॅट बिघडला असेल तर इंजिन तापते. हेड वाकते, हेड गॅस्केट जाते, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळते. डिपस्टिक काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत राहिला, तर बहुधा हेच झालेले असते.

दुसरे, ऑइल. खराब रस्त्यावर दगड लागून खालचा चेंबर फुटतो आणि ऑइल गळून जाते. किंवा ऑइल पंप काम करत नाही. मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागतो. तशात "पुढच्या गावापर्यंत तर जाऊ" म्हणून गाडी चालवली की काही मिनिटांत क्रँकची बेअरिंग जळते आणि इंजिन सीज होते.

तिसरे, टायमिंग बेल्ट किंवा चेन. ती तुटली तर बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. त्या मुदतीच्या खूप आधी तुटला, तर प्रश्न कंपनीला विचारता येतो. मुदत उलटून गेली असेल तर आपली बाजू कमजोर.

चौथे, पाणी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, नाले पुलावरून वाहतात. अशा पाण्यातून गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी आत गेले, तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहणे ही सगळ्यात महाग चूक आहे.

पाचवे, धूळ. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक यांच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर बुजतो. फिल्टर फाटका असेल तर बारीक धूळ आत जाऊन पिस्टन-रिंग आणि बोअर घासते. गाडी ऑइल खाऊ लागते, निळसर धूर येतो.

यातली बरीच कारणे वापराशी किंवा देखभालीशी जोडलेली आहेत. पण नीट सर्व्हिस झालेल्या गाडीचा ऑइल पंप, टायमिंग चेन, टर्बो किंवा हेड वेळेआधी गेले, तर बनावटीतल्या दोषाची शंका घेण्यास जागा असते. कंपनीशी खरा वाद इथेच सुरू होतो.

खोलण्याआधी कागद

गाडी बंद पडली की पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. टोचन करून न्या. मीटरवरचे किलोमीटर, लागलेले दिवे, ऑइलची डिपस्टिक, खाली गळलेले ऑइल-पाणी, सगळ्याचे मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. तारीख आपोआप नोंदली जाते.

वर्कशॉपमध्ये गाडी देताना जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "इंजिन चेक करणे" एवढेच लिहिले असेल तर सही करू नका. "गाडी चालू असताना अचानक बंद पडली, त्याआधी टेम्परेचर काटा नॉर्मल होता" असे जे खरे असेल ते लिहा. खोटे लिहू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाच्या नोंदी राहतात, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. स्कॅनर लावल्यावर जे फॉल्ट कोड येतात त्याची प्रिंट मागा.

इंजिन खोलायची परवानगी लेखी द्या, आणि त्यात तीन अटी घाला : खोलताना आम्ही हजर राहू, फोटो काढू. बिघाडाचे कारण लेखी द्यावे. काढलेले सर्व पार्ट आमचे असून ते जपून ठेवावेत, आमच्या लेखी संमतीशिवाय भंगारात टाकू नयेत. खोलण्याची मजुरी किती आणि पुढे काम केले नाही तर ती लागेल का, हेही आधीच विचारा.

यासोबत सर्व्हिसची सगळी बिले एकत्र करा. बिले हरवली असतील तर घाबरू नका. अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री निघते. नागपूरहून किंवा ओळखीत सेकंडहँड गाडी घेतली असेल त्यांनी तर ही हिस्ट्री पहिल्याच दिवशी काढावी.

पैसे कोण देऊ शकतो?

एक्स्टेंडेड वॉरंटी : गाडी घेताना ऑन-रोड किमतीत एक्स्टेंडेड वॉरंटी जोडलेली असते आणि अनेकांना ते आठवतही नाही. जुना टॅक्स इन्व्हॉइस काढून बघा. सेकंडहँड गाडीवर ती आपल्या नावावर वळवता येते का, हेही कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा.

रिकॉल : एखाद्या मॉडेलमध्ये ठराविक काळात बनलेल्या गाड्यांत दोष सापडला तर कंपनी त्या परत बोलावून भाग मोफत बदलते. इथे वॉरंटी संपली की नाही याचा प्रश्न येत नाही. भारतात कार कंपन्यांची स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत २०१२ पासून सुरू आहे. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. हे नियम ७ वर्षांच्या आतील वाहनांना लागू होतात. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते पाहता येते. पाच मिनिटांचे काम आहे, पण इंजिनवर खर्च करण्याआधी ते झालेच पाहिजे.

गुडविल : वॉरंटी नुकतीच संपली असेल, किलोमीटर फार झाले नसतील आणि सर्व्हिस वेळेवर झाली असेल, तर कंपनी स्वतःहून खर्चाचा काही वाटा उचलू शकते. कधी पार्ट कंपनीचे आणि मजुरी आपली, कधी निम्मे-निम्मे. हा आपला कायदेशीर हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. त्यामुळे काउंटरवर कोणी आपण होऊन सांगत नाही, मागावे लागते. आधी वर्कशॉपच्या सर्व्हिस मॅनेजरला लेखी अर्ज द्या. तो कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगा आणि त्याच मजकुराचा ईमेल कंपनीच्या मुख्य कस्टमर केअरलाही करा. "नाही" हे उत्तर तोंडी असेल तर ते उत्तर समजू नका. काम सुरू करायच्या आधीच मागा. बिल भरल्यावर बोलणे अवघड होते.

अर्ज साधा असावा. उदाहरणार्थ : "माझी गाडी या तारखेला घेतली. वॉरंटी या तारखेला संपली. आजपर्यंत इतके किलोमीटर चालली असून सर्व सर्व्हिस वेळेवर झाल्या आहेत, नोंदी जोडल्या आहेत. या तारखेला इंजिनचा अमुक भाग निकामी झाला. हा भाग सामान्य वापरात इतक्या लवकर निकामी होऊ नये. तरी पार्ट व मजुरीचा खर्च कंपनीने उचलावा किंवा किती वाटा उचलणार ते लेखी कळवावे." रागाचे शब्द नकोत, धमकी नको.

विमा : साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अपघाताचे नुकसान मिळते, मेकॅनिकल बिघाडाचे नाही. दगड लागून चेंबर फुटला तर तो अपघात आहे. पण ऑइल गळाल्यावर तशीच गाडी चालवून इंजिन सीज झाले, तर कंपन्या इंजिनचा खर्च नाकारतात. पुराच्या पाण्याने इंजिन गेले तरी हाच वाद होतो. त्यासाठी "इंजिन प्रोटेक्ट" हे वेगळे कव्हर असते आणि ते साधारणपणे नव्या गाड्यांनाच मिळते. गडचिरोलीच्या दक्षिण भागात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी पॉलिसी रिन्यू करताना हे जरूर विचारावे. क्लेम असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू नका. क्लेम चुकीने नाकारला तर विमा लोकपालांकडे मोफत तक्रार करता येते.

मागचे काम करणारे गॅरेज : चार दिवसांपूर्वीच ऑइल बदलले आणि ड्रेन बोल्ट सैल राहिला, कूलंटचा पाइप नीट बसवला नाही, यामुळे इंजिन गेले असेल तर जबाबदारी त्या वर्कशॉपची आहे. इथे कंपनीच्या वॉरंटीचा संबंधच नाही. ही सेवेतली त्रुटी आहे.

"बाहेर सर्व्हिस केली म्हणून हक्क गेला" हे खरे का?

खाणपट्ट्यात, जंगलपट्ट्यात अधिकृत वर्कशॉप दूर असते. सिरोंचाहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर. ऑइल बदलायला कोण जाणार? म्हणून लोक गावातल्या मिस्त्रीकडे जातात आणि मग हेच कारण पुढे करून त्यांना परत पाठवले जाते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही त्या आदेशात होते. दंडाविरुद्ध पुढे अपिले झाली आणि वाद वरपर्यंत गेला. पण मुद्दा आपल्या अर्जात मांडण्यासारखा आहे : बाहेर केलेल्या कामाचा या बिघाडाशी संबंध काय, ते कंपनीने दाखवावे.

अर्थात त्यासाठी बाहेरच्या कामाचेही बिल हवे. कोणते ऑइल, किती लिटर, किती किलोमीटरला, हे लिहिलेले बिल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्रही आहे आणि सामील कंपन्यांची सर्व्हिस व सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळते.

ऐकलेच नाही तर : ग्राहक आयोग

सर्वांत आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीकडे पाठवली जाते आणि काही तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. तो चंद्रपूरलाही आहे, गडचिरोलीलाही आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने दूरच्या ग्राहकांसाठी मोठी सोय केली : गाडी नागपुरात घेतली असली तरी आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल होते आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची मागणीही करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे.

मुदत मात्र लक्षात ठेवा : तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. इंजिन ज्या दिवशी बसले तो दिवस धरूनच चाला. कंपनीशी ईमेल सुरू आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

या कायद्यात "दोष" याची व्याख्या वॉरंटीच्या तारखेला बांधलेली नाही. कायद्याने किंवा करारानुसार, मग तो करार स्पष्ट असो वा गृहीत, जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. त्यामुळे मुळातच बनावटीत दोष होता आणि तो वॉरंटीनंतर उघड झाला, असे म्हणण्यास जागा आहे. पण ते सिद्ध आपल्याला करावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल इथे उपयोगी आहेत. मारुतीच्या गाडीबाबतच्या २००६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून "नवी गाडीच द्या" असा हट्ट धरण्यापेक्षा इंजिन दुरुस्तीचा खर्च, टोचनचा खर्च आणि त्रासाची भरपाई मागावी. फियाट गाडीच्या इंजिनबाबतच्या २०१० च्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग धरला. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की डीलरच्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. म्हणजे तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांना सामील करा, पण कोणाची कोणती चूक हे वेगवेगळे लिहा.

तज्ज्ञ कुठून आणायचा? शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातील मेकॅनिकल विभागाकडून तपासणी व्हावी, अशी विनंती आयोगाला करता येते. आयोगाला असा अहवाल मागवण्याचा अधिकार आहे. जपून ठेवलेले पार्ट इथे कामी येतात.

टॅक्सी किंवा माल वाहतुकीची गाडी असेल तर "व्यावसायिक वापर" म्हणून ग्राहकच नाही असे सांगितले जाते. पण स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा माणूस ग्राहकच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टॅक्सीचेच उदाहरण देऊन हे स्पष्ट केले आहे आणि आजच्या कायद्यातही स्वयंरोजगाराची सूट कायम आहे.

तोपर्यंत गाडी तशीच उभी ठेवणे परवडत नसेल, तर तपासणीचा अहवाल आणि फोटो हातात आल्यावर काम करून घ्या. बिल भरताना लिहून द्या : "हक्क राखून, विरोध नोंदवून रक्कम भरत आहे." मोठी रक्कम एकदम जमत नसेल तर काम टप्प्यांत करता येते का, विचारा. एका एस्टिमेटवर घाईने व्याजाचे कर्ज उचलू नका. हाफ इंजिन, फुल इंजिन आणि फक्त हेडचे काम, तिन्हींचे वेगळे एस्टिमेट मागा.

जुने इंजिन बसवताना

नागपूरहून सेकंडहँड इंजिन आणून बसवणे स्वस्त पडते. पण त्याचा नंबर वेगळा असतो. इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यावी. घेतली नसेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. विमा कंपनीलाही कळवा. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पैसे जातातच, वर पोलीस ठाण्याच्या चकरा पडतात.

दोन शब्द मिस्त्री बांधवांसाठी

आपल्या घरातली कितीतरी मुले गॅरेज लाइनमध्ये आहेत. हातात हुन्नर आहे, पण कागदाची सवय नाही. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते. एक साधे जॉब कार्ड, काढलेले पार्ट पिशवीत परत देणे, आणि "हेड वाकले आहे, कारण अमुक" एवढे दोन ओळींत सहीनिशी लिहून देणे, यात खर्च काहीच नाही. वॉरंटीच्या जवळपासची गाडी आली तर खोलायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगा, "भाई, आधी कंपनीला विचारून घे." त्या दिवशी एक काम जाईल, पण ते घर कायमचे तुमचे होईल.

आणि ज्यांची गाडी आज ठणठणीत आहे त्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात : वॉरंटी संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, आणि त्याच्या महिनाभर आधी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन बारीकसारीक आवाज, गळती, धूर, सगळ्याची तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यावी. वॉरंटीत असताना नोंदवलेली आणि नीट दुरुस्त न झालेली तक्रार पुढे वाढली, तर "वॉरंटी संपली" असे म्हणणे कंपनीला अवघड जाते.